चार दिवस, लेखी

ट्रॉन्डहेम, मंगळवार, २७ जानेवारी. दुपारचे साडेचार, खिडकीबाहेर काळोख.

चि. चारुता,

‘चि.’ ही सवय आहे. हरकत असेल तर खोडून पुढे वाच.

मी तुझ्या गावात आलोय. घाबरू नकोस, कंपनीनं पाठवलंय. इथल्या एका कारखान्यात आमच्या झडपांची चाचणी आहे. ती डोळ्यांनी पाहायची, सही ठोकायची आणि गुरुवारी सकाळी परत. तू फोन उचलत नाहीस, व्हॉट्सॲपवर तुझ्या फोटोच्या जागी मला एक करडं वर्तुळ दिसतं, म्हणून हे कागदाचं प्रकरण. हॉटेलातली मुलगी म्हणते, आज टपालात टाकलंत तर सोमवारी पोचेल. तेव्हा पत्र आणि पत्रलेखक उद्या दुपारी एक वाजता एकदमच पोचतील. पाच मिनिटं उभा राहीन. दार उघडलं नाहीस तर पाकीट पेटीत टाकून निघेन. तमाशा करणार नाही.

पत्ता मासूमानं दिला. खालच्या मजल्यावरची तुझी मासूमा खाला, लहानपणी तुला सांदणं खाऊ घालणारी. ही सात वर्षं तुमचं बोलणं चालू आहे हे मला परवा कळलं. तिच्या नवऱ्याला, बदरुद्दीनलाही ठाऊक नव्हतं म्हणे. रत्नागिरीची बाई, पोटातलं ओठांवर आणायचं तर समुद्रालाच विचारावं लागेल. पत्ता दिला तोही एका अटीवर. एक डबा तुला पोचवायचा आणि उघडायचा नाही.

दम्माम विमानतळावर तो उघडावा लागला. आत काळसर लाडू. तपासणीवरच्या सौदी माणसानं एक नाकाशी नेला, दाढीत हसला आणि मला म्हणाला, “मबरूक, मबरूक!” विमानप्रवासाबद्दल इतकं अभिनंदन मला आजवर कुणी केलं नव्हतं. मी शुक्रन म्हटलं. पुढे इस्तंबूलला भूक लागली. दोन खाल्ले. ऑस्लोत आणखी एक. थंडीवरचं काहीतरी दिसतंय, ऊब आली. मासूमाला सांगू नकोस.

थंडीबद्दल. पाठशाळेत आठ वर्षं काढलेला माणूस मी. हिम, तुहिन, तुषार, नीहार, प्रालेय, सगळं तोंडपाठ. विमानतळाच्या दाराबाहेर पाऊल टाकलं आणि कळलं की ज्या कवींनी हे शब्द वापरले ते सगळे उन्हात पाय पसरून लिहीत होते. नाकातले केस ताठ झाले. डोळ्यांत पाणी आलं ते पापणीवरच थिजलं. (वाऱ्यानं आलं होतं. दुसरा अर्थ काढू नकोस.) आपल्या सौदीत, खोबरला जूनमध्ये गाडीच्या दाराला हात लावला की भाजतो, इथे फाटकाच्या कडीला लावला तर सुटेना. देवानं माणसांसाठी मधला पट्टा ठेवला होता. आपण बापलेकीनं दोन टोकं निवडली.

आणि या अशा रस्त्यावरून एक आजीबाई खुर्चीला लोखंडी पट्ट्या लावून, ती लाथेनं ढकलत, भाजी घेऊन घरी चालल्या होत्या. मी भिंत धरून चालत होतो. त्यांनी माझ्याकडे जी नजर टाकली ती तुझ्या आईची होती, मी स्वयंपाकघरात काही शोधत असलो की टाकायची ती.

उद्या एक वाजता.

बाबा

ट्रॉन्डहेम, बुधवार, २८ जानेवारी. संध्याकाळचे सहा.

चारुता,

अक्षर वाकडं आलं तर थंडीला दोष देऊ नकोस. खोलीत छान गरम आहे.

“लिहून द्या” म्हणालीस. लिहितो. आधी आजचं, कारण ते अजून पचलेलं नाही. कारखान्यात तीस वर्षं अपघातांचे अहवाल लिहिलेत. त्या रीतीनं, तुला आतून जे दिसलं नाही तेवढंच सांगतो.

वेळ बारा पन्नास. तापमान उणे नऊ. तुझं पिवळं लाकडी घर सापडलं, अंगणाचं फाटक सापडलं. घंटी वाजवण्याआधी दहा मिनिटं हातात होती, म्हणून तिथेच उभा राहिलो. (घाबरून नव्हे. अकरा वाजल्यापासून तिथेच फेऱ्या घालत होतो ही गोष्ट वेगळी.) जिन्याखाली एक बाबागाडी होती. टपावर बोटभर बर्फ. मला वाटलं जुनी, टाकून दिलेली असेल. तेवढ्यात आतून शिंक आली.

मी डोकावलो. लोकर, लोकर, लोकर आणि मध्ये सुपारीएवढं लाल नाक.

तू खोबरला वाढलीस, तुला सांगायला नको. आमच्याकडे मूल गाडीत ठेवून कुणी रोटी आणायलासुद्धा उतरत नाही. दर मे महिन्यात मीच सगळ्यांच्या गाड्यांना कागद चिकटवत फिरतो, ‘उतरण्याआधी मागची सीट बघा’. एका उन्हाळ्यात एका ड्रायव्हरनं बघितली नव्हती. तो अहवाल मी लिहिला होता. तेव्हापासून बंद काचेमागे किंवा उघड्यावर, एकटं मूल दिसलं की माझे हात मला विचारत नाहीत.

हातांनी उचललं. कोटाची बटणं काढून आत घेतलं. ते जागं झालं आणि जो टाहो फोडला! मी ओरडत सुटलो. मराठी, हिंदी, इंग्रजी आणि मध्येच “या अखी, यल्ला, यल्ला!” अंगणात एकही अखी, एकही भाऊ नव्हता. वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली, एका बाईनं मला पाहिलं आणि तीही ओरडू लागली. मी इंग्रजीत म्हटलं, पोलिसांना बोलवा. ती म्हणाली, बोलावलेत! मला वाटलं, आमचं एकमत आहे. मग ती बर्फ ओढायचं फावडं घेऊन खाली आली तेव्हा लक्षात आलं की चोर मी आहे.

आणि तू धावत आलीस. पायात नुसते मोजे. तुझा निमिष नंतर सांगत होता, तुम्ही कपड्यांच्या घड्या घालत होतात, आणि बाळाचा आवाज ऐकायची ती डबी असते ना, तिच्यातून एकदम माझा आवाज आला, “अरे देवा, कुणाचं गं तू?” तू घडी घालत होतीस तो टॉवेल तुझ्या खांद्यावरच होता.

सात वर्षांनी तुझं पहिलं वाक्य, “बाबा, ठकीला खाली ठेवा.”

“ठकी कोण? अगं, हे पोर कुणीतरी टाकून दिलंय! मरेल ते!”

“टाकलेलं नाहीये. झोपवलंय. इथे सगळे दुपारी बाहेरच झोपवतात. बरी झोपतात.”

“बर्फात? कुठल्या महामूर्खाचं आहे हे?”

“माझं.”

मी बर्फात बसलो. घसरलो नाही, हे नोंदवून ठेव. बसलो. ठकी कोटाच्या आत होती, तिला काही झालं नाही. तिनं माझी दाढी धरली. तू हात पुढे केलास तरी तिनं सोडली नाही, आणि शेजारीणबाई फोनवर पोलिसांना त्यांच्या भाषेत सांगत होत्या, आजोबा आहे वाटतं, आजोबा, येऊ नका. निमिषनं मला त्याचा अर्थ सांगितला. त्या शब्दाशी माझी ओळख एका नॉर्वेजियन बाईनं फावडं हातात धरून करून दिली.

पाच महिन्यांची. पाच महिने मला नात आहे.

डबा उघडून तू पाहिलास आणि म्हणालीस, “हे हळिवाचे आहेत, बाबा. बाळंतिणीचे. तीन कुणी खाल्ले?” दम्माम विमानतळावरच्या सौदी माणसाला कळलं, मला कळलं नाही. त्याच्या बायकोलाही त्यांच्याकडे हेच बी देत असणार. तुझ्या चेहऱ्यावर किंचित हसू आल्यासारखं वाटलं. अहवालात ‘वाटलं’ लिहायचं नसतं.

आता पुढचं. कारखान्यात बैठक झाली की मी ज्याचं त्याला लिहून पाठवतो आणि विचारतो, बरोबर ऐकलं ना? तसंच समज.

तू म्हणालीस, “तुमच्यावर राग होताच. पण फोन त्यासाठी बंद नाही केला. तुमचा आवाज आला की आई आठवते. आणि आईला मी माफ केलेलं नाही.”

मी म्हटलं, “आईला?”

“तिनंच बजावलं होतं ना, चारूला कळवू नका, तिची पीएच.डी.ची परीक्षा आहे. चार दिवस होते, बाबा. दोन विमानं बदलून आले असते. मरताना आईला मुलीचं तोंड बघावंसं वाटू नये? माझा प्रबंध बघावासा वाटला?”

निमिष हळूच म्हणाला, “हिचं नाव अजून नोंदवलेलं नाही. इथे सहा महिन्यांत कळवावं लागतं. फेब्रुवारीअखेर मुदत आहे. आईंचं नाव, सुहासिनी, ठेवायचं आधीपासून ठरलेलं होतं.”

“मला ती हाक दिवसातून पन्नास वेळा मारता येणार नाही,” तू म्हणालीस.

यावर मी काय म्हणालो ते तुला आठवत असेल. मी म्हणालो, “लाडू मात्र छान झालेत.”

तू कप उचललेस. “मला ते चार दिवस लिहून द्या. रविवार ते बुधवार. तोंडी नको. तोंडी तुम्ही विनोद करता.”

बरोबर ऐकलं ना?

बाबा

इस्तंबूल विमानतळ, गुरुवार, २९ जानेवारी. दुपार.

चारुता,

आधी एक दुरुस्ती. झडपांची चाचणी नव्हती. कंपनीनं पाठवलं नव्हतं. सहा दिवसांची रजा घेतली आणि व्हिसासाठी नोव्हेंबरपासून खेटे घालत होतो. माझ्या हाताखालचा नागेश म्हणाला, “सर, जानेवारीत नॉर्वे? कुणी शिक्षा दिली?” त्यालाही झडपांचंच सांगितलं. तो झडपांच्याच खात्यात आहे. त्यानं मान हलवली आणि रजेचा अर्ज पुढे पाठवला. खोटं बोलायची माझी पद्धत अशी की समोरच्यानंच आवरून घ्यावं.

आता रविवार.

शनिवारपासून आईच्या पोटात कळा होत्या. ती म्हणाली, पित्त आहे. मी म्हणालो, पित्तच असेल. दोन निदानं जुळली म्हणजे वैद्याची गरज काय! रविवारी सकाळी ती ओट्याशी वाकली ती सरळ होईना. मासूमा आली, तिनं मला असं झापलं की मी गाडीची किल्ली उलट्या बाजूनं लावत होतो. दवाखान्यात म्हणाले, स्वादुपिंडाला सूज आहे, ठेवून घ्यावं लागेल. आई म्हणाली, “दूध उतू गेलं असेल घरी.” गेलं होतं.

रविवारी रात्री तू फोन केला होतास, गुरुवारी काय नेसू म्हणून. मी सांगितलं आई मासूमाकडे गेलीय. ते अर्धं खरं होतं. मासूमा तिच्याकडे गेली होती.

सोमवार. श्वास लागू लागला. नळी नको म्हणाली, ऑक्सिजनचा मुखवटा लावला. डॉक्टर सुदानी होते, फार सज्जन. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, मुलं कुठे आहेत? मी म्हटलं, एक मुलगी, युरोपात, गुरुवारी तिची मोठी परीक्षा. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी त्याचा अर्थ ‘काळजी नको’ असा घेतला. इतकी वर्षं शास्त्रं पढून माणसाला हाताचा अर्थ कळत नाही. किंवा कळतो.

तू सोमवारी पुन्हा फोन केलास. मी म्हटलं, आई झोपलीय.

काल तू अंगणात ‘झोपवलंय’ म्हणालीस तेव्हा मी जो तुझ्या अंगावर ओरडलो, तो त्या पोरीसाठी तेवढाच नव्हता. त्या शब्दावर माझा विश्वास उरलेला नाही. मी स्वतः तो वापरलेला आहे.

मंगळवार आणि बुधवार राहिले. विमानाची घोषणा झाली, थांबतो.

खोटं. विमानाला तीन तास आहेत.

अल-खोबर, शुक्रवार, ६ फेब्रुवारी.

चारुता,

आठ दिवस कागद टेबलावर होता. आज नमाजानंतर मासूमा वर आली. डबा मागायला, असं म्हणाली. डबा तुझ्याकडे राहिलाय हे तिला ठाऊक आहे.

“लिवलंत?” तिनं विचारलं.

“अर्धं लिहिलंय.”

“कुठलं अर्धं? ज्यात दूध उतू जातं ते?”

ती खुर्चीत बसली. गेल्या सात वर्षांत ती आपल्या घरात कधी बसली नव्हती, दारातूनच बोलायची. माझ्या ते आज लक्षात आलं.

“विजयभाऊ, त्या खोलीत मी होते. तुमचं झाकलं, चारूचं पण झाकलं. ती पोरीचे फोटो पाठवायची आणि मी खाली बसून एकटी बघायची. वर तुम्ही टीव्हीचा आवाज मोठा करून बसलेले. किती वेळा जिन्यापर्यंत आले आणि मागं गेले.”

“मग सांगून टाकायचं होतंस तिला.”

“मी का सांगू? ते तुमचं आहे. मी सांगितलं तर तिला आई मिळेल, पण बाप खोटारडा म्हणून दुसऱ्याकडून कळेल. तुम्ही सांगितलंत तर निदान तुमच्या तोंडून.” आणि उठता उठता, “घाबरताव काय? नात जाईल म्हणून? ती तुमच्याकडे होती कधी?”

मासूमानं पाठशाळा पाहिलेली नाही. तरी वादात मी तिच्याशी आजवर जिंकलेलो नाही.

मंगळवार. आईनं सकाळी मुखवटा बाजूला केला आणि म्हणाली, “चारूला बोलवा.” मी म्हटलं, गुरुवार होऊ दे, मग बोलावतो, तोवर तू घरी असशील. ती म्हणाली, “परीक्षा परत देता येते.” दुपारी पुन्हा म्हणाली. संध्याकाळी तिसऱ्यांदा, मासूमाच्या देखत. मी जरा चिडलो. म्हणालो, “तू बरी होणार आहेस आणि आपण उगाच पोरीचं पाच वर्षांचं काम मातीत घालणार आहोत.” माझा तेव्हा तसा विश्वास होता. हे समर्थन म्हणून लिहीत नाही. तू सगळं लिहा म्हणालीस आणि हेही त्यात आहे.

बुधवार. सकाळी दहाच्या सुमारास मी चहा आणायला खाली गेलो. परत आलो तर केरळची ती नर्स पलंगाशी वाकून उभी, तिचा मोबाइल आईच्या कानाशी. फोन लागला होता, घंटी जात होती, मला दारातून ऐकू आली. मी चहा ठेवला, तिच्या हातातून फोन घेतला आणि बंद केला. जोरात नाही. अगदी हलक्या हातानं, औषधाची बाटली उचलून ठेवावी तसा.

दोन मिनिटांत तू उलट फोन केलास. नर्सचा फोन माझ्याच हातात होता. तू म्हणालीस, या नंबरवरून फोन आला होता, कोण? मी म्हणालो, “मी आहे गं. ऑफिसातल्या माणसाचा फोन आहे, चुकून दाबला गेला. आई बरी आहे, झोपलीय. तू वाच.” तू हसून म्हणालीस, बाबा, चष्मा लावा. आई दोन हातांवर होती. तिनं ते सगळं ऐकलं. त्यानंतर ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मासूमाशी बोलली. पावणेचारला गेली.

गुरुवारी तुझी परीक्षा झाली, तू आनंदात फोन केलास आणि मी सांगितलं. तू ओरडलीस, “मला का नाही कळवलं?” त्या वेळी माझ्या तोंडून निघालं, “आईनंच बजावलं होतं.” आधी ठरवलेलं नव्हतं. पण निघालं त्या क्षणी मला नक्की ठाऊक होतं की आता ती उठून नाही म्हणणार नाही. मग मालक-कफीलची परवानगी, दूतावास, विमान, नाशिकचा घाट, नऊ दिवस तू माझ्याशेजारी होतीस आणि रोज सांगता आलं असतं. तू आईकडे पाहिलंसुद्धा नाहीस नीट, मान फिरवलीस. मी ते पाहिलं. मला वाटलं, दुःखानं.

तिनं तुला बोलावलं होतं, चारू. तीनदा. आणि चौथ्यांदा स्वतः फोन लावला. नंबर नर्सला तिनंच सांगितला, देशाच्या आकड्यासकट, न चुकता. नर्स मला नंतर म्हणाली, ऑक्सिजन इतका खाली असताना इतकं पाठ कसं होतं यांना? तू तो उचलला असतास तर तिचाच आवाज आला असता. तुझ्याकडे एक घंटी वाजून राहिली, ती तिची होती.

बाळाचं नाव काय ठेवायचं ते तुम्ही दोघं ठरवा. मला कळवलं नाहीस तरी चालेल.

बाबा